हातांना परवाना, संसाराला बंदी

धानाची कापणी-मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील भूमिहीन आणि अल्पभूधारक माणूस कामाच्या शोधात बाहेर पडतो. तो नागपुरात बांधकामावर गेला, तर पत्नीला सोबत न्यावे की नाही, हा त्या दोघांचा प्रश्न असतो. खोली मिळेल का, मजुरीत भागेल का, घरी म्हाताऱ्यांकडे कोण पाहील, या अडचणी असतातच. पण नवरा-बायकोने एका छपराखाली राहण्यासाठी कोणत्याही सरकारचा परवाना लागत नाही. साकोलीचा किंवा तुमसरचा हाच माणूस वेल्डर होऊन कुवेतला गेला, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. पत्नीला आणायचे तर त्याला तिचा ‘स्पॉन्सर’ व्हावे लागते. सोसायटीच्या कर्जाला जसा जामीनदार लागतो, तसाच हा जामीनदार. आणि त्याची पहिली परीक्षा लग्नाच्या खरेपणाची नसते, पगाराची असते.

कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कुटुंब आणण्यासाठी दरमहा ८०० दिनार पगाराची अट घातली. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली ४,००० दिरहम, अथवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी मर्यादा ठरविली. ज्यांच्या हातांनी तेथील मनोरे उभे राहतात, ते मजूर बहुधा या रेषेच्या खालीच राहतात. एकाच विमानातून उतरलेल्या दोन भारतीयांपैकी अभियंत्याला संसार थाटता येतो आणि गवंड्याच्या वाट्याला कामगारांच्या खोलीतील एक खाट येते. दोघांनीही सप्तपदी केलेली असते. परंतु एकाच्या लग्नाला परक्या भूमीवर किंमत आहे, दुसऱ्याच्या लग्नाला नाही. वर्गभेद स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आखातात राजेशाह्या आहेत, म्हणून असे घडते, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. पण लोकशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या ब्रिटनने २०१२ साली परदेशी जोडीदार आणण्यासाठी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंडांवर नेली. ही अट खुद्द ब्रिटिश नागरिकांनाही लागू आहे. त्याच महिन्यात तेथील कायदेशीर किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होते. आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही खाडा न करता काम केले, तरी ही मिळकत २४ हजार पौंडांच्या आतच राहते. म्हणजे जे वेतन सरकारच जगण्यास पुरेसे ठरविते, तेच वेतन सरकारच्याच दुसऱ्या नियमानुसार संसारास अपुरे ठरते!

अमेरिकेत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या तरुणाला पत्नी नेता येते. मात्र तिचे वास्तव्य त्याच्या व्हिसाला बांधलेले असते. पुण्या-नागपुरात पदवी घेऊन नोकरी करणारी मुलगी तेथे ‘आश्रित’ ठरते. २०१५ साली अशा काही स्त्रियांना नोकरीची परवानगी मिळाली, पण पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोहोचला असेल तरच. ज्याच्या सहीवर आपला मुक्काम अवलंबून आहे, त्याने हात उगारला तर तक्रार कोणाकडे करायची? पगाराच्या अटीने गरिबाची पत्नी दाराबाहेर राहते; सुशिक्षिताची पत्नी आत जाते, ती पतीच्या मर्जीची कैदी होण्याचा धोका पत्करून. दोन्हीकडे स्त्री ही स्वतंत्र नागरिक नसून पुरुषाच्या नावावरील नोंद आहे.

खोटी लग्ने दाखवून माणसे नेली जातात, म्हणून निर्बंध हवेत, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. फसवणूक होते, हे खरे आहे आणि लग्न खरे की खोटे हे तपासण्याचा अधिकार कोणी नाकारणार नाही. परंतु पगाराची पावती लग्नाचा खरेपणा सिद्ध करीत नाही. श्रीमंताचे खोटे लग्न या चाळणीतून सहज पार पडते आणि गरिबाचे खरे लग्न अडकते. शिवाय संशयाला मोकळे रान दिले की तो कोठवर जातो, हे जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर दिसले. वाग्दत्त वराशी विवाह करण्यासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तेथे कौमार्य तपासणी करण्यात आली. ते उघडकीस आल्यावर झालेल्या निषेधामुळे ब्रिटिश सरकारला ही प्रथा बंद करावी लागली.

निषेधाने नियम बदलतात, हे भारतीयांना त्याहूनही आधी ठाऊक झाले होते. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी, पतीकडे आलेल्या एका भारतीय स्त्रीच्या प्रकरणात, भारतीय धर्मविधीने झालेला तिचा विवाह मान्य करण्यास नकार दिला. एका निकालाने हजारो पत्नी कायद्याच्या नजरेत परक्या झाल्या. कस्तुरबा आणि त्यांच्या सहकारिणी सीमा ओलांडून तुरुंगात गेल्या. सत्याग्रही स्त्रिया न्यूकॅसलला पोहोचल्या, तेव्हा तेथील कोळसा खाणींतील भारतीय मजुरांनी काम थांबविले. १९१४ च्या कायद्याने एकपत्नीक भारतीय विवाहांना मान्यता मिळाली आणि मुदत संपलेल्या गिरमिटियांवरील तीन पौंडांचा करही त्याच कायद्याने गेला. पत्नीचा हक्क आणि मजुराचा हक्क एकाच लढ्यात जिंकले गेले, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

आज भारत सरकार परदेशांतून येणाऱ्या पैशाचे आकडे अभिमानाने सांगते. तो पैसा ज्या ताटातुटीतून येतो, तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात दलालांचे परवाने आहेत, नोकरीचे करार आहेत. कामगाराच्या सहजीवनाचा हक्क नाही. स्थलांतरित कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये संमत केला. कामगार घेणाऱ्या आखाती राष्ट्रांनी आणि ब्रिटन-अमेरिकेने तो स्वीकारला नाही. कामगार पाठविणाऱ्या भारतानेही नाही. परदेशस्थ भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा न झाल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाला व्यापक कायद्याची शिफारस करावी लागली. कामगार पाठविण्याच्या करारांत कुटुंबाच्या सहवासाचे कलम असलेच पाहिजे, हा आग्रह दिल्लीने धरला नाही, तर तो परकी राजधानी आपणहून धरणार नाही.

पण दिल्लीकडे बोट दाखवून कार्यकर्त्याची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे आणि खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीतच होते. तरीही अनेक घरांत लग्नाचा पुरावा म्हणून केवळ पत्रिका आणि फोटो असतात. लाखांदूर-पवनीच्या गावांत कार्यकर्त्यांनी प्रत्येक लग्नाची नोंद करवून घ्यावी. परदेशी स्थळ आले की मुलाची नोकरी, व्हिसाचा प्रकार आणि आधीचे लग्न यांची चौकशी केल्याविना अक्षता पडू देऊ नयेत. प्रमाणपत्र, पारपत्र आणि पतीच्या व्हिसाची प्रत पत्नीच्या स्वतःच्या ताब्यात असावी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये छळ झालेल्या पत्नीला पतीच्या सहीविना स्वतः अर्ज करण्याची तरतूद आहे, हे तिला निघण्यापूर्वीच कळले पाहिजे.

मजुराचे हात हवेत आणि त्याचे माणूसपण नको, हा भांडवलाचा जुना व्यवहार आहे. माणूस कामाला जातो, तेव्हा तो आपले घर मागे टाकून देण्याचा करार करीत नाही. एकत्र राहण्याचा हक्क पगाराच्या तराजूत तोलला जाणार नाही, ही मागणी दयेची नव्हे. ती न्यायाची आहे आणि ती संघटित आवाजातच करावी लागेल.