क्रीडाजगत् : युद्धकाळांतील एक विजय

कामठीच्या छावणीशेजारीं राहणाऱ्या नागपूरकरांस फुटबॉल परका नाहीं. या खेळांत गोऱ्या पलटणींचें वर्चस्व फार दिवस टिकलें. १८८८ सालीं सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा पन्नास वर्षांत एकाहि हिंदी संघास जिंकतां आली नव्हती. महायुद्ध पेटलेलें असतां, १९४० च्या डिसेंबरांत, कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंग क्लबानें दिल्लीस रॉयल वॉरिकशायर पलटणीस २-१ असें हरविलें. मुंबईचा रोव्हर्स चषकहि त्यानें त्याच वर्षीं पटकाविला. पुढें युद्धामुळें ड्युरँड स्पर्धा बंद पडली, ती १९५० सालींच पुन्हां भरली. इंग्रजी अमदानींतला हा पहिला व अखेरचा हिंदी विजय! संघ मुसलमानांचा म्हणून तो परका मानावा काय? हरलें तें राज्यकर्त्यांचें अजिंक्यपण. मुलांस ही हकीकत सांगतांना क्लबाच्या नांवाशीं अडखळूं नये.