मुखदर्शनाची रांग

“मॅम, वीस मिनिटं झाली. मागे लोक थांबलेत.”

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो मुलगा जेमतेम बाविशीचा होता आणि अगदी नम्रपणे बोलत होता. माझं जहाज नुकतंच बंदराला लागलं होतं, हातात मिऱ्याची चार पानं जमली होती आणि हा खेळ नेमका खेळायचा कसा, हे आत्ता कुठे डोक्यात शिरत होतं. पण उठले. मागे खरोखरच सात-आठ जण उभे होते. एका बाईंनी तर माझ्या खुर्चीच्या पाठीला आपली पर्स आधीच अडकवून ठेवली होती.

पंढरपुरात दोन रांगा असतात. पायांवर डोकं ठेवायचं तर तासन्‌तास बारीत उभं राहायचं. तेवढी सवड नसेल तर मुखदर्शन घ्यायचं, लांबून हात जोडायचे आणि बाहेर पडायचं. कोरमंगलातल्या दोन दिवसांच्या या मेळाव्यात मी अकरा बोर्डगेम्सचं मुखदर्शन घेतलं. पुरा डाव त्यातल्या दहांचा झाला नाही. अकराव्याची गोष्ट पुढे सांगते.

मी बंगळुरूत आले २००७ साली, सांगलीहून, नोकरीसाठी. २००८च्या पावसाळ्यात कोरमंगलाच्या सहाव्या ब्लॉकमध्ये ऑफिसातल्या एकाच्या भाड्याच्या फ्लॅटवर पहिल्यांदा खेळायला गेले. त्या जमण्याला ‘कन्व्हेन्शन’ म्हणायची पद्धत होती, अर्थातच चेष्टेने. अकरा माणसं, एक सतरंजी आणि खेळ दोन. एक होता ‘कॅटान’. कुणीतरी ऑनसाइटला जर्मनीत गेला होता, त्याने येताना बॅगेतून आणलेला. पत्त्यांवरचा मजकूर सगळा जर्मनमध्ये. म्हणून प्रत्येक पत्त्याचा अर्थ पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेली असे. दुसरा ‘स्कॉटलंड यार्ड’, आपल्या फनस्कूलचा. ही कंपनी १९८७ साली गोव्यात सुरू झाली. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांनी लंडनचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तो गोव्यातल्या कारखान्यातून आलेल्या पुठ्ठ्यावर, याची मला अजून गंमत वाटते. त्याआधी घरात होता तो ‘नवा व्यापार’. आमच्याकडे त्याची बँक कायम थोरल्या चुलतभावाकडे असायची आणि बँक कधीच बुडायची नाही, यातच काय ते आलं.

बँकेवरून आठवलं. त्या अकरा जणांत मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी मला बँक सांभाळायला दिली. म्हणजे खेळायचं नाही; पत्ते वाटायचे, लाकडाची घरं मोजून द्यायची आणि मधे चहा टाकायचा. दुसऱ्या खेपेला मी सांगितलं की चहा मी आणते, पण लाल सोंगट्याही मीच घेणार. जुन्या दिवसांबद्दल गळा काढणारे बरेच भेटतात. त्यात सामील व्हायला गेले की हा चहाचा कप आड येतो.

मात्र एक गोष्ट होती. डाव पुरा व्हायचा. रात्रीचे दोन वाजोत, वीज जावो, बाहेर रिक्षा न मिळोत. कोण जिंकलं हे ठरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. यात निष्ठाबिष्ठा काही नव्हती. खेळ दोनच होते, मग पहिला अर्धवट टाकून जाणार कुठे?

जगातल्या मोठ्या मेळाव्यांची कुळकथाही अशीच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स नावाच्या माणसाने १९६८ साली गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि लढायांचे खेळ खेळणाऱ्यांना बोलावलं. शंभरेक लोक आले. गावाचं नाव जिनिव्हा आणि विषय युद्धाचा, म्हणून मेळाव्याचं नाव पडलं ‘जेनकॉन’. जिनिव्हा कन्व्हेन्शनवरची कोटी. पुलंच्या एखाद्या बेळगावी पात्राला सुचावी अशीच. या गायगॅक्सने पुढे १९७४ साली डेव्ह आर्नसनबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. जेनकॉन आता इंडियानापोलिसला भरतं आणि सत्तर हजारांवर माणसं येतात. जर्मनीतल्या एसेन शहरातला मेळावा १९८३चा. तो सुरू झाला प्रौढांच्या शिकवणीवर्गांच्या इमारतीत. आज चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास लोक आणि हजारावर नवे खेळ. एकेका खेळाच्या वाट्याला काय उरतं? वीस मिनिटं.

सुरुवातीला जो लेक जिनिव्हाला गेला तो खेळायला माणसं मिळत नाहीत म्हणून गेला. आपल्या गावात आपण एकटेच वेडे, ही त्याची अडचण. आमचीही तीच होती. आज कोरमंगलात खेळायला माणूस मिळत नाही असं कुणी म्हणेल तर लोक हसतील. कॉफीबरोबर खेळाचं खोकं टेबलावर आणून देणारे, नियम समजावून सांगायला पगारी माणूस ठेवणारे कॅफे निघाले. शनिवारी कब्बन पार्कात झाडाखाली चटया टाकून गट बसलेले दिसतात. मुंबईत ‘मीपलकॉन’ भरू लागलं. माणसं भरपूर झाली, खेळ तर उदंड. कमी पडायला लागली ती संध्याकाळ. आउटर रिंग रोडवरून कोरमंगलातल्या सोनी सिग्नलपर्यंत पोचायलाच जिथे सव्वा तास जातो, तिथे तीन तासांचा डाव मांडायचा कधी?

गर्दी म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं ते २०१२ साली. बंगळुरूचं पहिलं कॉमिककॉन भरलं आमच्याच कोरमंगला इनडोअर स्टेडियमवर. हे स्टेडियम १९९७च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं. खेळाडूंसाठी उभारलेल्या इमारतींची वसाहत आजही नॅशनल गेम्स व्हिलेज म्हणूनच ओळखली जाते. तिथे बॅटमॅनचे कपडे घातलेला एक मुलगा भर सप्टेंबरात घामाने निथळत उसाचा रस पीत होता. त्याच्या शेजारी उभी असताना वाटलं, अरे, वेडे एवढे आहेत होय! पुढच्या काही वर्षांत ते कॉमिककॉन व्हाइटफील्डच्या प्रदर्शन केंद्रात गेलं. स्टेडियमला ते मावेना.

मग २०२०. एसेन आणि जेनकॉन दोन्ही त्या वर्षी पडद्यावर भरली. आम्हीही लॅपटॉपवर खेळलो. नियम यंत्र पाळायचं, गुण यंत्र मोजायचं, चुकीची चाल करूच द्यायचं नाही. तीन महिन्यांनी लक्षात आलं की आपण कुणाशी भांडलोच नाही आहोत. भांडणाशिवाय सोंगट्या? सांगलीला आजी आणि तिची जाऊ चल्लस-आठ खेळायला बसल्या की दुपारची झोप आमच्या गल्लीला मिळत नसे.

या चल्लस-आठवरून कोरमंगलातच एक भांडण झालं होतं, ते सांगायलाच हवं. आमच्या घरमालकांच्या आई, अज्जी, मूळच्या म्हैसूरच्या. एकदा माझ्याकडे कॅटान मांडलेलं बघून त्या दारातच थांबल्या. लाकडी घरं हातात घेऊन पाहिली, फाशांकडे बघून नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी चार कवड्या घेऊन आल्या. खडूने फरशीवर पाच बाय पाच घरं आखली. मी म्हटलं, हे तर आमचं चल्लस! त्या म्हणाल्या, चौकाबारा. चारही कवड्या उताण्या पडल्या की चार, तो ‘चौका’. चारही पालथ्या पडल्या की आठ, तो ‘बारा’. इथे मी अडले. बारा म्हणजे बारा! अज्जींचं म्हणणं, बारा म्हणजे आठ. माझं कन्नड दुकानापुरतं, त्यांचं हिंदी टीव्हीपुरतं. शेवटी त्यांनी माझी सोंगटी मारून वाद मिटवला. आमचं ‘चल्लस’ म्हणजे चार आणि ‘आठ’ म्हणजे आठ, तेव्हा खेळ तोच, फक्त शब्दांनी आम्हाला फसवलं होतं.

अज्जींनीच मला म्हैसूरला जायला लावलं. तिथे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) नावाचे राजे होऊन गेले. इंग्रजांनी १८३१ साली त्यांच्या हातातून राज्यकारभार काढून घेतला. मग त्यांनी काय केलं? खेळ रचले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाचा ‘कौतुकनिधी’ हा भाग खेळांचाच आहे. गंजिफाचे नवे संच त्यांनी योजले, त्यातला सर्वांत मोठा ३६० पानांचा. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. ती लक्षात ठेवताना माझी दमछाक होते. ३६० पानं घेऊन खेळायला बसणाऱ्या माणसाकडे वेळ किती असेल! राज्य गेलेल्या राजाइतका वेळ कुणाकडेच नसतो. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने ‘क्रीडा कौशल्य’ नावाने जुन्या पटांची प्रदर्शनं भरवली आहेत. तिथले भरतकामाचे आणि लाकडाचे पट पाहताना अज्जींसारख्या बायका काचेशी नाक लावून ‘हा असा नाही, असा मांडतात’ म्हणत असणार, याबद्दल मला शंका नाही.

आणि आपल्याकडे तर मेळाव्याला तिथी होती. बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा. वर्षातून एक दिवस खेळायलाच हवं असं पंचांगात लिहिलेलं! तिकीट नाही, मनगटाला कागदी पट्टी नाही.

असो. परवाच्या मेळाव्यात पट्टी होती. आणि मला सगळंच खटकलं असं समजू नका. सभागृहात निम्म्याहून कमी नव्हत्या बायका. एका टेबलावर आजोबा, सून आणि नातू पक्ष्यांचा ‘विंगस्पॅन’ खेळायला शिकत होते. एलिझाबेथ हारग्रेव्ह या बाईंनी केलेला हा खेळ २०१९ साली आला. पक्षी निरखायची आवड होती, आणि आवडीच्या विषयावर कुणी खेळ काढत नाही म्हणून त्यांनी स्वतःच काढला. त्या टेबलावर सुनेला कुणी चहा आणायला सांगितला नाही. माझं लक्ष होतं.

खटकलं ते दुसरं. साहित्य संमेलनात मुख्य मांडव निम्मा रिकामा आणि ग्रंथप्रदर्शनात पाय ठेवायला जागा नाही, हे आता आपण मान्य केलंय. इथेही तसंच झालंय, खेळण्यापेक्षा विक्री मोठी. खेळ काढणाऱ्याला इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचे असतात. मुंबईत तयार झालेला राजकारणावरचा ‘शासन’ असाच २०१९ साली किकस्टार्टरवर उभा राहिला. त्यासाठी जास्तीत जास्त लोकांना खेळाची चव द्यावी लागते. चव वीस मिनिटांची. दोष कुणाचा नाही, हिशेब सरळ आहे. पण मी घरी चार खेळांची खोकी घेऊन आले आणि त्यातला एकही शेवटी कसा संपतो हे मला ठाऊक नाही.

आता अकरावा खेळ. सभागृहाच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या वाटेवर काही टेबलं होती. तिथे छपाई न झालेले खेळ: घरच्या प्रिंटरवर काढलेले कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेले, सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणं. एका मुलीने तलाव आणि राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेणारे बंगळुरूचे जुने नाले, यांवर खेळ केला होता. शेवटचं तळं भरलं की डाव संपतो. मध्ये घरं बांधली की पैसे मिळतात आणि पाणी अडतं. कोरमंगलात पावसाळ्यात राहिलेल्या माणसाला नियम समजावून सांगायची गरज नव्हती.

तिच्या टेबलाकडे रांग नव्हती. आम्ही चौघं बसलो ते दोन तास दहा मिनिटं. मध्ये दोनदा नियमच फसला. तिने तो वहीत लिहून घेतला आणि तिथल्या तिथे नवा केला. एक आयटीवाले काका पाणी फुकट कसं वाहतं यावर तिच्याशी हुज्जत घालत बसले आणि तिने ती हुज्जतही लिहून घेतली. हॉल रिकामा करायची सूचना माइकवरून झाली तेव्हा शेवटच्या तळ्याला दोन बटणं कमी होती. खुर्च्या उचलायला आलेला माणूस आमच्यामागे येऊन उभा राहिला. मी म्हटलं, भैया, दोन मिनिट. तो म्हणाला, खेळा, मी बाकीच्या उचलतो.

काका जिंकले. त्यांनी सगळ्यात जास्त घरं बांधली होती.