हातउसने मागायला लाज कसली?



जिल्ह्याच्या बैठकांत एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा येतो. भर सभेत कोणी विचारत नाही. सभा उठली की बाजूला घेऊन विचारतात. मित्राला अडीनडीला पैसे दिले, दोन-अडीच वर्षे झाली, तो परत देत नाही. मागितले तर वर म्हणतो, "तुमची संघटनाच सांगते ना, शेतकऱ्याने कर्ज फेडू नये म्हणून?"

या उत्तराचा समाचार घेणे भाग आहे, कारण कर्जमुक्तीची आपली मांडणी इथे बुडवेगिरीची ढाल झाली आहे.

कर्जमुक्तीचा विचार काय सांगतो? सरकारने निर्यातबंदी, साठ्यावरची बंधने आणि स्वस्त आयात करून शेतीमालाचे भाव पाडले. त्यामुळे शेती तोट्यात गेली आणि बँकांचे, सोसायट्यांचे कर्ज थकले. ज्याने भाव पाडला त्यानेच वसुलीला येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. मित्राने तुमचा भाव पाडलेला नाही. त्याने दिलेले पैसेही त्याच पडलेल्या भावातून, पोटाला चिमटा घेऊन राखलेले आहेत. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफीच्या योजना आल्या, त्या बँका आणि सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या. हातउसने त्यात बसले नाही आणि बसणारही नाही. ते बुडाले तर सरकारचे काहीच जात नाही. दुसऱ्या शेतकऱ्याचे बियाणे जाते.

मग आपण मागायला का लाजतो? आणि देताना कागद का करत नाही? शेतकऱ्याच्या मनात कागदाची भीती जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या खतांवर होता. खते हिसकावली आणि जाळली. कागद म्हणजे सावकाराचे हत्यार, हे तेव्हापासून डोक्यात बसले. पण त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने सावकारावर पावती आणि हिशेब देण्याचे बंधन घातले, हे आपण विसरलो. एकाच्याच पेटीत राहणारा कागद जाच करतो. दोघांकडे असलेला कागद दोघांनाही राखतो.

म्हणून देतानाच हातउसनवार पावती करा. रक्कम आकड्यांत व अक्षरांत, दिल्याची तारीख, परतफेडीची तारीख, घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. आणि एक प्रत घेणाऱ्याला द्या. वचनचिठ्ठी केली तर रेव्हिन्यू तिकीट लावायला विसरू नका. तिकिटाविना वचनचिठ्ठी कोर्ट पुराव्यात घेत नाही, आणि मागाहून दंड भरूनही ती सुधारत नाही. शक्यतो पैसे बँकेतून द्या, म्हणजे खात्यावर नोंद राहते. वीस हजार किंवा त्याहून अधिक उसने रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही करपात्र उत्पन्न नसेल, तर मात्र त्यातून सूट आहे.

ज्यांनी आधीच पैसे दिले आहेत त्यांनी मुदत पाहावी. वाफसा गेला की पेरणी साधत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. दाव्याचेही तसेच आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. परतफेडीची तारीख लेखी ठरली असेल तर त्या तारखेपासून; 'मागशील तेव्हा देतो' असे ठरले असेल तर पैसे दिले त्या दिवसापासून. मागितले त्या दिवसापासून नव्हे! 'सुगी होऊ दे' म्हणत तीन सुग्या गेल्या की हक्क गेला. मात्र मुदतीच्या आत ऋणकोने सही करून 'इतके देणे आहे' असे लिहून दिले, किंवा काही रक्कम फेडून तशी नोंद सहीनिशी केली, तर तिथून नवी तीन वर्षे मिळतात. कोर्टात जायचे नसेल तर निदान एवढी सही तरी घ्या.

वसुलीची पहिली पायरी नोटिशीची. वकिलाकडून लिहून घ्या, स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. दुसरी पायरी लोकअदालत. तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीही अर्ज करता येतो, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते. त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पती वारल्यावर त्याचे उसने वसूल करायला निघालेल्या बहिणीने हे ध्यानात ठेवावे. तिला कोर्टाकडून वारसा प्रमाणपत्रही काढावे लागेल. तिसरी पायरी दिवाणी दाव्याची. लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असेल तर संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते.

मित्राने चेक दिला आणि तो वटला नाही, तर १९८९ पासून लागू झालेले कलम १३८ आहे. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरलेला असावा. न वटल्याची खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद करायची. इथे आळस चालत नाही.

काय करू नये, तेही सांगतो. पोलीस ठाणे ही वसुलीची कचेरी नव्हे. दांडगी माणसे दारात पाठवाल तर फिर्यादी असूनही आरोपी व्हाल. आणि उसन्यापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून घेऊ नका. परवाना नसताना व्याजबट्ट्याचा धंदा करणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. अशी बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद त्यात आहे. सावकाराविरुद्ध लढलेल्यांनी स्वतः सावकार व्हायचे नाही.

कोणी म्हणेल, मित्र खरेच नागवला असेल तर? त्याची दखल कायद्यानेही घेतली आहे. शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी गुरे, बियाणे आणि राहते घर पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. ऐपत नसलेल्या ऋणकोला केवळ गरिबीपायी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले. तेव्हा दावा लावला म्हणजे मित्राला देशोधडीला लावले, असे होत नाही. खरा नडलेला हप्ते बांधून मागतो आणि कागदावर सही करतो. दारात नवी मोटारसायकल उभी करून कर्जमुक्तीची भाषा करणारा नडलेला नव्हे.

गावात बँक पाठ फिरवते तेव्हा शेवटी हातउसन्यावरच पेरणी होते. ही पत एकदा मोडली की उद्या खऱ्या गरजूलाही दार बंद होईल आणि तो सावकाराच्या ओट्यावर जाईल. म्हणून पुढच्या बैठकीला येताना आपापल्या पावत्या आणि चिठ्ठ्या बरोबर आणा. तारखा एकत्र बसून पाहू. ज्यांची तीन वर्षे भरत आली आहेत, त्यांचे काम आधी घेऊ.