वासाचा भरवसा

आमच्या बऱ्हाणपुरात मासळी म्हणजे मुख्यतः तापीची. बाजारात कल्ले उचलून पाहावेत, बोटाने अंग दाबावे, वास घ्यावा आणि मग भाव करावा, ही जुनी पिढीची रीत. गेल्या वर्षी सुनेने पुण्याहून येताना बर्फाच्या डब्यातून हवाबंद पाकिटातली मासळी आणली. पाकीट दाखवून ती म्हणाली, "बाबा, वास अजिबात नाही." तिचे ते कौतुकाचे वाक्य माझ्यातल्या डॉक्टरला मात्र खटकले.

अशा पाकिटातील हवा काढून टाकतात किंवा तिच्या जागी कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन भरतात. त्यामुळे मासळी नासवून दुर्गंधी निर्माण करणारे जिवाणू मंदावतात आणि माल अधिक दिवस टिकतो. परंतु क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमला प्राणवायू नकोच असतो. त्याचा 'ई' प्रकार पाण्याच्या तळच्या गाळात व माशांच्या आतड्यांत सापडतो आणि सुमारे ३ अंश सेल्सियसपर्यंतच्या थंडीतही वाढू शकतो. म्हणजे नासल्याची वर्दी देणारे गप्प बसतात आणि विष तयार करणारा कामाला लागतो. अमेरिकेत १९६३ साली हवाबंद पाकिटातील धुरावलेल्या माशांनी माणसे दगावली, ती याच 'ई' प्रकारामुळे.

आपला फ्रिज खरोखर ३ अंशांवर चालतो का? वैशाखात दार दहादा उघडते, मध्येच वीज जाते; आतला पारा ८-१० अंशांवर गेला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

भयभीत होण्याचे मात्र कारण नाही. हे विष उष्णतेपुढे टिकत नाही. ८५ अंशांवर पाच मिनिटांत ते निष्प्रभ होते. आपले रटरटणारे कालवण हे त्यावरचे उत्तम औषध! धोका आहे तो न शिजवता खाण्याच्या धुरावलेल्या माशांचा. गोठवलेले पाकीट वितळवताना आधी फोडावे व फ्रिजमध्येच ठेवावे, ही सूचना प्रत्येक वेष्टनावर ठळक मराठी-हिंदीत असलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक इंग्रजी अक्षरे आमच्या स्वयंपाकघरात कोण वाचतो?

व्यवसायबंधूंशीही थोडे बोलायचे आहे. पापण्या उतरलेल्या, गिळता न येणारा, पण शुद्धीवर असलेला रुग्ण पहाटे आला की आपल्या मनात प्रथम मण्यार येते, आणि ते योग्यच आहे. नंतर कीटकनाशकाचा विचार येतो. तेथे बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते. बोटुलिझममध्ये तोंड कोरडे पडते, बाहुल्या बहुधा विस्फारतात, ताप नसतो आणि लुळेपणा वरून खाली उतरतो. हा आजार परदेशी पुस्तकांतला, असे म्हणून सोडून देऊ नये. १९९६ साली शेजारच्या गुजरातेत एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी आजारी पडले व तिघे दगावले. संशय होता तो शेवेवर, मासळीवर नव्हे. तिच्यात याच 'ई' विषाचा, पण क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम या भाईबंदाचा माग लागला.

म्हणून अशा रुग्णाच्या नातेवाइकांना सर्पदंशाबरोबरच गेल्या दोन-चार दिवसांतले खाणेही विचारावे, उरलेले अन्न व पाकीट फेकू देऊ नये आणि श्वास अडखळण्यापूर्वीच त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे. प्रतिविष मिळेपर्यंत तोच आधार असतो.

सुनेच्या पाकिटाचे त्या रात्री कालवणच झाले. भरपूर उकळवून.