चारशे तासांचे पैसे

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांना संशोधनासाठी पैसे द्यावेत का, हा प्रश्न निघाला की एक उत्तर तयारच असतं: "त्यांचं काम शिकवण्याचं. संशोधन विद्यापीठांनी करावं." उत्तर समंजस वाटतं, आणि तेच त्याचं खरं बळ आहे. समंजस वाटणाऱ्या गोष्टीचा हिशोब सहसा कुणी मागत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी एक खुलासा. ही कॉलेजं म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज नव्हे. इलिनॉयमधलं जोलिएट इथलं 1901 सालचं कॉलेज हे त्यांतलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज. ते आजही नावात 'ज्युनिअर' लावतं, पण शिकवतं पदवीची पहिली दोन वर्षं. अशा कॉलेजात प्रवेशाला गुणांची अट जवळपास नसते, फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी असते आणि पुढची दोन वर्षं विद्यापीठात काढून पदवी घेता येते. कागदावर तरी घेता येते. प्रवेश घेणाऱ्यांतले सुमारे 80 टक्के जण पदवीपर्यंत जायचं म्हणतात, एक तृतीयांशाच्या आसपास विद्यापीठात पोचतात आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती 16 टक्क्यांच्या आसपास लोकांच्या. "आम्ही शिकवण्याचं काम करतो" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावं.

शिवाय, प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभर एकाच प्रश्नाच्या मागे लागणं हे शिकवणं नाही तर काय आहे? वर्गातल्या प्रात्यक्षिकाचं उत्तर आधीपासून जर्नलात लिहिलेलं असतं. ते चुकलं तर विद्यार्थी शेजारच्याची वही बघतो, आणि आपण सगळ्यांनी ती बघितलेली आहे. संशोधनात शेजारी वहीच नसते. नमुना खराब होता, द्रावण चुकलं, की मुळात कल्पनाच चुकीची होती, हे सरांबरोबर बसून शोधावं लागतं. तो तासभराचा संवाद साठ जणांच्या वर्गात होत नाही.

दुसरा आक्षेप योग्यतेचा. या मुलांचं गणित कच्चं असतं, त्यांच्याकडून कसलं संशोधन होणार? पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी 2008 मध्ये एक उपक्रम सुरू केला. त्यात पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं माती गोळा करतात, तिच्यातून जिवाणूभक्षक विषाणू वेगळा करतात, त्याचा जनुकसंच वाचतात आणि त्याला नाव देतात. सहभागी संस्थांत कम्युनिटी कॉलेजंही आहेत. नवशिक्यांच्या हातून काय निघू शकतं, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा आहे. तिथल्या एका विद्यार्थिनीने 2010 मध्ये कुजलेल्या वांग्यावरून एक विषाणू वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं 'मडी'. पुढे इंग्लंडमधल्या एका किशोरवयीन मुलीच्या अंगात औषधांना दाद न देणारा जिवाणूसंसर्ग पसरला, तेव्हा तिला दिलेल्या तीन विषाणूंच्या मिश्रणात हा मडी होता. तिची प्रकृती सुधारली, आणि 2019 मध्ये तो वृत्तान्त 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला. दर वांग्यातून औषध निघत नाही, हे मलाही कळतं. पण नवशिक्याचं काम म्हणजे लुटुपुटूचं काम, हा समज मात्र इथे टिकत नाही.

तिसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे: सोय आहेच की! नॅशनल सायन्स फाउंडेशन 1987 पासून पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांत पाठवतं, विद्यावेतन देतं आणि दोन वर्षांच्या कॉलेजांतली मुलं घ्यावीत असा आग्रहही धरतं. योजना चांगली आहे. फक्त ती सहसा आठ-दहा आठवडे परगावी राहू शकणाऱ्यासाठी आहे. कम्युनिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्याचं सरासरी वय 27 च्या आसपास असतं आणि बहुतेक जण अर्धवेळ शिकतात. दिवसा दुकानात उभं राहून संध्याकाळी वर्गाला येणारी, घरी चार वर्षांचं मूल असलेली बाई उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या वसतिगृहात जाऊन राहील, हे गृहीत धरणाऱ्याने तिला कधी पाहिलेलं नाही.

तिला परवडेल अशी रचना न्यूयॉर्कने करून दाखवली. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या दोन वर्षांची पदवी देणाऱ्या दहाही कॉलेजांत 2014 मध्ये 'रिसर्च स्कॉलर्स' कार्यक्रम सुरू झाला, तोही शहराच्या पैशातून. विद्यार्थ्याने वर्षभरात चारशे तास आपल्याच प्राध्यापकाबरोबर संशोधन करायचं आणि त्याबद्दल 5,000 डॉलर घ्यायचे. तासाला साडेबारा डॉलर पडतात. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात किमान वेतन 8 डॉलर होतं, म्हणजे दुकानातली पाळी सोडून प्रयोगशाळेत येणं परवडत होतं. पण 2018 च्या अखेरीस शहरातलं किमान वेतन 15 डॉलरवर गेलं आणि साडेबाराचं गणित फिरलं. म्हणून विद्यावेतन वेतनदराशी बांधलेलंच हवं. नाहीतर पुन्हा तीच मुलं अर्ज करतील, ज्यांना नोकरीची गरज नाही.

यावर खरा वजनदार आक्षेप येतो. अशा कार्यक्रमात मुळातली होतकरू मुलंच निवडली जातात. ती पुढे गेली तर श्रेय संशोधनाचं की निवडीचं? मीही हा प्रश्न प्रत्येक यशोगाथेला विचारतो. क्रेग व्हेंटर व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर सॅन मातेओच्या कम्युनिटी कॉलेजात शिकले आणि पुढे मानवी जनुकसंच वाचणाऱ्यांत अग्रभागी राहिले, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याची जोडी त्याच्यासारख्याच, पण बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्याशी लावली. 2019 मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत सहभागी मुलं विज्ञानशाखेत टिकण्यात आणि पदवी पुरी करण्यात पुढे होती, आणि संशोधनप्रधान विद्यापीठांत जाण्यातही. जोड्या लावून मनातली जिद्द मोजता येत नाही, एवढी शंका उरतेच. पण कार्यक्रम बंद करायला ती पुरत नाही. ती मिटवायची असेल तर जागा वाढवा आणि अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून निवडा.

काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, निवडक मुलांना विद्यावेतन देण्यापेक्षा संशोधन अभ्यासक्रमातच घाला, म्हणजे सगळ्यांना मिळेल. न्यायाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते करावंच. पण एका सत्राच्या अभ्यासक्रमात आवड निर्माण होते. ती टिकवायला नाव ठाऊक असलेला आणि शिफारसपत्रात दोन खऱ्या ओळी लिहू शकणारा प्राध्यापक लागतो.

आणि इथेच सगळ्यांत मोठी उणीव आहे. पैशाची चर्चा विद्यार्थ्याच्या विद्यावेतनापाशी थांबते. कम्युनिटी कॉलेजातला पूर्णवेळ प्राध्यापक अनेक ठिकाणी सत्राला पाच-पाच कोर्स शिकवतो. निम्म्याहून जास्त शिक्षक तर आपल्या भाषेत तासिका तत्त्वावरचे असतात. तास संपला की पुढच्या कॉलेजची बस पकडायची! अशा माणसाला 'मार्गदर्शन करा' असं सांगणं म्हणजे त्याचा रविवार फुकट मागणं. मार्गदर्शनाचा तास वर्कलोडमध्ये धरला पाहिजे, दोन-तीन विद्यार्थ्यांमागे एका कोर्सची सूट दिली पाहिजे, आणि तासिकावाल्यांना त्याचे वेगळे पैसे. न्यूयॉर्कच्या कॉलेजांत प्राध्यापकांकडून संशोधनाची अपेक्षा आधीपासूनच होती, म्हणून तिथे पाया तयार मिळाला. कॅन्ससच्या एखाद्या गावात तो बांधावा लागेल आणि त्याला जास्त पैसे लागतील. हे मान्य न करता यश दुसरीकडे उचलून नेता येणार नाही.

हेच पैसे केंद्राच्या अनुदानांवर टांगून ठेवले तर काय होतं, ते 2025 मध्ये दिसलं. नॅशनल सायन्स फाउंडेशनची हजाराहून अधिक अनुदानं मधेच रद्द झाली, आणि पुढच्या वर्षीचं त्याचं अंदाजपत्रक सुमारे 9 अब्ज डॉलरवरून 3.9 अब्जांवर आणण्याचा प्रस्ताव व्हाइट हाउसने मांडला. ग्रंथपालाचा पगार कॉलेज अनुदानावर ठेवत नाही. मार्गदर्शनाचा खर्चही तसाच दर वर्षीच्या अंदाजपत्रकात हवा.

आपल्याला यातून हसण्यासारखं काही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने चौथ्या वर्षाला 'संशोधनासह ऑनर्स' आणलं आणि त्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्क्यांची अट घातली. रात्री कंपनीत पाळी करून 62 टक्के मिळवणारा तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा दारातच अडला. आधी लायकी दाखवा, मग संशोधन करू देऊ, हा आक्षेप आपण थेट नियमातच लिहून टाकला.

राहिला अमेरिकेतल्या करदात्याचा शेवटचा प्रश्न: पैसे आमच्या शहराचे आणि मुलं दोन वर्षांनी विद्यापीठात निघून जाणार, मग आम्हाला काय मिळालं? आज शंभरातले चौऱ्याऐंशी जण पदवीपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांच्या दोन वर्षांचा खर्च हाच करदाता उचलतो. त्याची तक्रार मुलांच्या जाण्याबद्दल असेल, तर ती त्याने चुकीच्या खिडकीवर नोंदवली आहे.