भिंत धरून चालणारा उंदीर



उंदीर म्हटला की कुठल्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडत नाही? कणगीला भोक पाडावं, पोत्यांची चाळण करावी, हाच त्याचा धंदा. पण जगात काही हौशी माणसं अशी आहेत, की ती नोकरीधंदा सांभाळून रात्री जागतात आणि स्वतःच्या हातांनी उंदीर तयार करतात. मग एखाद्या सुटीच्या दिवशी सगळे एकत्र जमतात, उंदरांना चक्रव्यूहात सोडतात आणि कुणाचा आधी पोचतो ते बघत बसतात.

हा उंदीर अर्थात यंत्राचा. तळहातावर मावेल एवढा. खाली चाकं, चाकांना छोट्या मोटारी, पाठीवर बॅटरी आणि डोक्याच्या जागी नखाएवढा संगणक. रोबोट म्हटलं की आपल्याला सिनेमातला पत्र्याचा माणूस आठवतो. पण रोबोटला हातपाय हवेतच असं कुठं आहे? जो आपला आपण बघतो, आपला आपण ठरवतो आणि चालतो, तो रोबोट. या खेळाचं नाव मायक्रोमाऊस.

चक्रव्यूह कसा, तर काळ्या फळीवर १६ ओळी आणि दर ओळीत १६ घरं, अशी २५६ घरं. एकेक घर १८ सेंटिमीटरचं, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमीच. मधल्या भिंती पाच सेंटिमीटर उंच, अंगाने पांढऱ्या आणि माथ्यावर तांबड्या. उंदराला एका कोपऱ्यात ठेवायचं आणि त्याने मधोमध असलेल्या चार घरांत पोचायचं. वाट त्याला आधी सांगायची नाही. दुरून बटण दाबून हाकायचंही नाही. एकदा खाली ठेवला की मालक हाताची घडी घालून उभा!

उंदराला दिसतं कसं, असं घरातली पोरं विचारतील. टीव्हीच्या रिमोटमधून जो न दिसणारा उजेड निघतो, तोच हा उंदीरही सोडतो. भिंत जवळ असली की तो उजेड जास्त परत येतो, लांब असली की कमी. त्यावरून तो भिंतीचा अंदाज घेतो. म्हणून तर भिंती पांढऱ्या. मात्र खिडकीतून ऊन आलं, किंवा फोटोवाल्याने झगमगाट केला, की बिचारा आंधळा होतो.

या शर्यतीची जाहीर हाक १९७७ साली अमेरिकेतल्या आयईईई स्पेक्ट्रम या अभियंत्यांच्या मासिकाने दिली, आणि १९७९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला अंतिम सामना झाला. तिथं मोठी गंमत झाली. भल्या भल्या लोकांनी विचार करणारे उंदीर आणले होते. वाट चुकली तर लक्षात ठेवायची, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, असे शहाणे उंदीर. पण सर्वांत कमी वेळ घेतला तो एका अडाणी उंदराने. तो काही लक्षात ठेवत नव्हता. एका बाजूची भिंत धरायची आणि धूम पळायचं, एवढंच त्याला ठाऊक.

अमावास्येच्या रात्री शेतावरून येताना आपण काय करतो? बांध धरतो. बांध सोडला नाही तर कुठं ना कुठं रस्त्याला लागतोच. चक्रव्यूहातून बाहेर पडायची वाट कडेला असेल तर हीच युक्ती चालते, आणि त्या वर्षी वाट कडेलाच होती.

आता जिंकलेल्यावर रागावून काय उपयोग? नियमाप्रमाणेच तो जिंकला होता. पण पुढच्या वर्षी, १९८० साली, लंडनला शर्यत भरली तेव्हा इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचे प्राध्यापक जॉन बिलिंग्जली यांनी नियम बदलला. पोचायचं ठिकाण त्यांनी कडेवरून उचलून मधोमध नेलं, आणि त्याच्याभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्याच ठेवल्या नाहीत. झालं! भिंत धरून चालणारा सगळीकडे हिंडून निघाला त्याच कोपऱ्यात परत. तेव्हापासून उंदराला विचार करणं भाग पडलं.

तो विचार कसा करतो, हे आपल्यातल्या दारे धरणाऱ्या माणसाला चटकन कळेल. समजा, त्या मधल्या घरात पाणी सोडलं. भिंत नसेल तिकडे ते पसरत जाईल. शेजारच्या घरात आधी पोचेल, त्याच्या शेजारी नंतर. मधल्या घराला ० आकडा द्यायचा, ज्यात पाणी पहिल्यांदा शिरेल त्याला १, त्यापुढच्याला २, असं करत कोपऱ्यापर्यंत यायचं. मग उंदराने एवढंच बघायचं, की पुढचं पाऊल लहान आकड्यावर पडतंय ना. सुरुवातीला त्याला भिंती ठाऊक नसतात, म्हणून तो सगळं रान मोकळं धरून आकडे मांडतो. वाटेत भिंत आडवी आली की पाणी अडलं असं समजून आकडे पुन्हा मांडतो. पहिल्या फेरीत तो असा हळूहळू रान पाहून घेतो आणि मग खरी दौड मारतो.

पण जवळची वाट नेहमी लवकरची असते असं नाही. २०१७ साली जपानातल्या स्पर्धेत जिंकणाऱ्या उंदराने इतरांपेक्षा लांबची वाट धरली, कारण तिच्यात वळणं कमी होती. यात नवल ते काय! लांब तासाच्या शेतात औत भरभर चालतं आणि आखूड तुकड्यात निम्मा वेळ बैल वळवण्यात जातो, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

ब्रिटनमध्ये या हौशी मंडळींची एक संस्थाच आहे, यूके मायक्रोमाऊस अँड रोबोटिक्स सोसायटी. अशा मेळाव्यात शर्यत असते तशी बोलाचालीही असते. माझा उंदीर असा बनवला, इथं फसला, ही मोटार टिकली नाही, असं भरल्या सभेत सांगायचं. शर्यतीआधी चाकांना चिकटपट्टी लावून धूळ काढली नाही तर वळणावर चाक घसरतं, असली बारीकसारीक गोष्टही कुणी पोटात ठेवत नाही. मला विचाराल तर या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. आपल्याकडे पीकस्पर्धेत पहिला आलेला शेतकरी बियाणं कुठलं, खत किती, पाणी कधी, हे शेजाऱ्याला सांगतो तेव्हा त्या स्पर्धेचा गावाला फायदा. तो गप्प बसला तर फोटोपुरती स्पर्धा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ज्या भिंत धरणाऱ्या उंदराला नियम बदलून बाहेर काढलं, त्यालाच या मंडळींनी नवशिक्यांसाठी वेगळी शर्यत ठेवून परत आत घेतलं. शाळकरी पोरीने पहिल्यांदा बनवलेला उंदीर भिंत धरून शेवटाला पोचला तरी टाळ्या पडतात. विचार करणारा उंदीर पुढच्या वर्षी. आपल्या मुंबईत आयआयटीच्या टेकफेस्टमध्येही मायक्रोमाऊसची शर्यत झालेली आहे.

आता एखादे आजोबा म्हणतील, हे सगळं ठीक, पण खेळण्यातल्या उंदराने कुणाचं पोट भरलंय? आजोबा, नियम बदलणारे ते बिलिंग्जली प्राध्यापक पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेले. तिथं १९९० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काय केलं, तर ट्रॅक्टरला कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याने पिकाच्या ओळी बघायच्या आणि ट्रॅक्टरने आपला आपण ओळीबरहुकूम चालायचं. उंदीर भिंत बघून चालतो, ट्रॅक्टर पिकाची ओळ बघून.

म्हणून घरातल्या पोराने किंवा पोरीने जुना रेडिओ उघडला, खेळण्यातली मोटार काढून डब्याच्या झाकणाला जोडली, तर लगेच पाठीत धपाटा घालू नका. वीजपंपाच्या पेटीला मात्र हात लावू देऊ नका. तिथं गंमत नाही.

आणि यंत्र नसेल तरी अडत नाही. संध्याकाळी अंगणात खडूने पाच बाय पाच घरं आखा. काड्यापेटीतल्या काड्या हव्या तशा भिंती म्हणून ठेवा, पण मधल्या घराला एक तरी बाजू मोकळी ठेवा. मधल्या घरात ० लिहा आणि पाणी सोडल्यासारखे आकडे भरत कोपऱ्यापर्यंत या. मग कोपऱ्यात एक हरभरा ठेवून धाकट्याला म्हणावं, चल, हा लहान लहान आकड्यांवरून आत ने. तो पोचला की एक काडी हलवून नवी वाट करा आणि आकडे त्यालाच भरू द्या.