लोणारहून बिडकीन किती लांब? ‘ऑरिक’च्या 2024 या वर्षाचा हिशेब

लोणार म्हटलं की सरोवर आठवतं. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं, 2020 मध्ये अचानक गुलाबी झालेलं आणि त्याच वर्षी रामसर यादीत गेलेलं. ते बघायला जगभरातून लोक येतात. गावातली बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं मात्र कामासाठी बाहेर जातात. कुणी चाकणला, कुणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला. अभयारण्य आणि पाणथळ जागेच्या शेजारी मोठे कारखाने येणार नाहीत, येऊही नयेत. त्यामुळे हे जाणं थांबणारं नाही.

2024 मध्ये मात्र बातम्यांत एक नवं नाव सतत येऊ लागलं, ते म्हणजे बिडकीन. टोयोटा येणार, जेएसडब्ल्यू येणार, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येणार. ही सगळी नावं ज्या ‘ऑरिक’ नावाच्या औद्योगिक शहराशी जोडलेली आहेत, त्याला त्या वर्षात नेमकं काय मिळालं? आणि साधारण दीडशे किलोमीटरवरच्या लोणारच्या मुलाला त्यातलं काय मिळू शकतं?

ऑरिक म्हणजे नेमकं काय?

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून उभं राहिलेलं हे नियोजित शहर आहे. नाव ‘औरंगाबाद इंडस्ट्रियल सिटी’चं लघुरूप. शहराचं नाव बदललं, ऑरिक मात्र तसंच राहिलं. त्याचे दोन तुकडे आहेत. जालना रोडवरचा शेंद्रा साधारण 2,000 एकरांचा. तिथल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर 2019 मध्ये झालं आणि कोरियाची ह्योसंग ही तिथे आलेली पहिली मोठी कंपनी. दुसरा तुकडा शहराच्या दक्षिणेला, पैठण रोडवर, 7,855 एकरांचा. तो बिडकीन. म्हणजे ऑरिकची बहुतेक जमीन बिडकीनमध्येच आहे, आणि 2024 पर्यंत तिथे रस्ते, वीज, ड्रेनेज तयार असूनही नाव घेण्यासारखा मोठा वाहन कारखाना नव्हता.

ही जमीन शेतकऱ्यांची होती. एकरी 23 लाख रुपये दराने ती घेतली गेली. एका पिढीला एकरकमी पैसा मिळाला, पुढच्या पिढीला नोकऱ्या मिळतील असं सांगितलं गेलं. तो शब्द पाळायची वेळ खऱ्या अर्थाने 2024 मध्ये आली.

वर्षभरात काय घडलं?

वर्षाची सुरुवात कोरडी होती. 2023 चा पाऊस कमी पडल्याने जायकवाडी धरण अर्धवटच भरलं होतं, आणि उन्हाळ्यात साठा तळाला गेला. मग जूनपासून घोषणांचा पाऊस सुरू झाला.

जूनच्या अखेरीस एथर एनर्जीने तिसऱ्या कारखान्यासाठी बिडकीन निवडल्याचं जाहीर झालं. गुंतवणूक 2,000 कोटींहून अधिक, नोकऱ्या सुमारे 4,000. जुलैमध्ये लुब्रिझॉल या अमेरिकी रसायन कंपनीने 120 एकरांसाठी सामंजस्य करार केला. महिनाअखेरीस मंत्रिमंडळ उपसमितीने जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटीच्या 27,200 कोटींच्या इलेक्ट्रिक वाहन प्रकल्पाला मंजुरी दिली. लगेच, 31 जुलैला, टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारसोबत सुमारे 20,000 कोटींचा सामंजस्य करार केला.

29 सप्टेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण केलं, तेही ऑनलाइन, कारण तीन दिवस आधीचा त्यांचा पुणे दौरा पावसाने रद्द झाला होता.

आता या तारखा निवडणुकीच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. लोकसभेचा निकाल 4 जूनला, विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला. सगळ्या मोठ्या घोषणा या दोन तारखांच्या मध्ये बसतात. याचा अर्थ त्या खोट्या आहेत असा नाही. एथरने एप्रिल 2025 मध्ये आयपीओ आणला तेव्हा त्यातले 927 कोटी महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी वापरणार असं लेखी सांगितलं, आणि शेअर बाजारात लेखी दिलेल्या गोष्टीला वजन असतं. पण सामंजस्य करार हा स्वभावतः इराद्याचा कागद असतो. जमिनीचा ताबा, बांधकाम, यंत्रं, चाचणी, मग भरती, अशी पुढे मोठी रांग असते. पहिला पगार त्या रांगेच्या शेवटी असतो.

कोटी किती आणि माणसं किती?

बातम्यांत कोटींचा आकडा मथळ्यात असतो आणि नोकऱ्यांचा खाली कुठेतरी. दोन्ही शेजारी ठेवले तर चित्र बदलतं.

एथरचे 2,000 कोटी आणि 4,000 नोकऱ्या, म्हणजे एका नोकरीमागे 50 लाख. टोयोटाचे 20,000 कोटी आणि जाहीर झालेल्या सुमारे 8,000 थेट नोकऱ्या, म्हणजे अडीच कोटी. जेएसडब्ल्यूचे 27,200 कोटी आणि 5,200 नोकऱ्या, म्हणजे सव्वापाच कोटींच्या आसपास. तिन्ही मिळून 49,200 कोटी आणि 17,200 माणसं.

या तिघांत सगळ्यात छोटी गुंतवणूक पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त हातांना काम देणार आहे. ज्याचं मथळ्यात सगळ्यात कमी कौतुक झालं, तीच बातमी गावाकडच्या मुलासाठी जास्त कामाची होती.

असं का होतं? मोटारीच्या आधुनिक कारखान्यात वेल्डिंग, पेंट, बॉडी हे विभाग बरेचसे रोबोट चालवतात. 1985 मध्ये बजाजचा वाळूज प्रकल्प सुरू झाला तो काळ वेगळा होता. आज लाइनवर उभं राहणारे हात कमी लागतात, आणि बंद पडलेला रोबोट सुरू करू शकणारी माणसं लागतात. बाकीचं काम सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांत तयार होतं. तिथे पगार कमी असतो आणि कंत्राटावर काम जास्त असतं.

‘स्थानिकांना प्राधान्य’ यात लोणार येतं का?

येतं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी एकूण नोकऱ्यांत 80 टक्के आणि पर्यवेक्षक पदांवर 50 टक्के स्थानिक घ्यावेत, असं राज्याचं धोरण आहे. त्यात ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा, 15 वर्षांचा रहिवासी. म्हणजे नियमाच्या नजरेत पैठण आणि लोणार सारखेच.

जमीन दिलेल्या बिडकीनच्या शेतकऱ्याला हे ऐकून राग येऊ शकतो, आणि तो राग समजण्यासारखा आहे. त्याच्या दारात कारखाना, पण अर्जाच्या ढिगात त्याचा मुलगा बुलडाण्याच्या, नांदेडच्या मुलांबरोबर एकाच रांगेत.

पाणी आणि राहायची खोली

बिडकीनचं पाणी जायकवाडीतून येतं. त्याच धरणावर संभाजीनगर शहर अवलंबून आहे, जिथे 2,740 कोटींच्या नव्या योजनेचं काम सुरू असताना अनेक भागांत आठवडा-आठवडा नळ कोरडे राहिले. शेतीही त्याच पाण्यावर. समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार पावसाळ्याच्या शेवटी जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये असाच 8.6 टीएमसीचा आदेश निघाला आणि नेहमीप्रमाणे वाद पेटला. 2024 मध्ये सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि पाण्याचा विषय बातम्यांतून गायब झाला. पुढच्या कोरड्या वर्षी तो परत येईल, तेव्हा रांगेत आणखी तीन-चार मोठे ग्राहक असतील.

राहण्याचं काय? ऑरिकच्या आराखड्यात 60 टक्के जमीन उद्योगांना आणि 40 टक्के घरं, दुकानं, शाळा, मोकळ्या जागांना आहे. कामावर चालत जाता येईल असं शहर, ही मूळ कल्पना. पण वाळूजचा अनुभव वेगळं सांगतो. तिथे कारखान्यांच्या नियोजनात कामगाराची खोली नव्हती, म्हणून रांजणगाव शेणपुंजीसारखी गावं भाड्याच्या खोल्यांनी फुगली. बिडकीन गावात तेच होणार की नियोजित घरं आधी उभी राहणार, हे भरती सुरू होण्याआधीच ठरायला हवं.

लोणारहून रोज ये-जा करण्याचा प्रश्नच येत नाही. मेहकरजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं, आणि जून 2025 पासून तो 701 किलोमीटर पूर्ण खुला आहे. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. बिडकीनमध्ये तयार झालेली स्कूटर घेऊन कामगाराला त्या रस्त्याने घरी येता येणार नाही. एसटी किंवा कुणाची तरी गाडी, हाच पर्याय.

दरम्यान आयटीआयचे प्रवेश दर उन्हाळ्यात होतात. फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. 2025 मध्ये प्रवेश घेतलेला मुलगा 2027 मध्ये बाहेर पडेल, मग वर्षभर अप्रेंटिस. बिडकीनच्या भरतीसाठी तयार होण्याचा हिशेब त्या प्रवेशापासून मांडला तर तो 2028 ला जाऊन थांबतो.